परिषदेचा मतदार कोण?

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, मागच्या पदवीधर निवडणुकीतली एक गोष्ट आधी सांगते. आमचं मतदान केंद्र एका शाळेत होतं. मतयंत्र नव्हतं. कागदाची मतपत्रिका होती आणि केंद्रावरच मिळणाऱ्या जांभळ्या पेनाने नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे होते. मत देऊन बाहेर आले तर शाळेचे शिपाईमामा व्हरांड्यात उभे. आदल्या दिवशी सगळी बाकं त्यांनीच हलवली होती आणि पहाटे वर्गही त्यांनीच उघडले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कशाचं मतदान?" मी म्हटलं, "विधान परिषदेचं. पदवीधर मतदारसंघ." ते म्हणाले, "म्हणजे आमचं न्हाई." आणि टेबलावरचा पाण्याचा जार बदलायला आत गेले.

मी सत्तावीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. विधान परिषदेची रचना दर वर्षी फळ्यावर लिहिली. एकूण ७८ जागा. त्यातले ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. मुलांनी ती वहीत उतरवली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. मामांच्या त्या तीन शब्दांचं उत्तर मात्र मी कधी शिकवलं नव्हतं.

परिषद बरखास्त करा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पंजाब आणि पश्चिम बंगालने ती घालवली, १९८६ साली तमिळनाडूने घालवली. आंध्रने १९८५ साली घालवली, २००७ साली परत आणली, २०२० साली पुन्हा बरखास्तीचा ठराव केला आणि पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. आज सहाच राज्यांत परिषद आहे. बरखास्तीवाल्यांचा राग मला समजतो. विधानसभेत हरलेल्यांची सोय, निवडणूक न लढवता मंत्री झालेल्यांना सहा महिन्यांत आमदार व्हावं लागतं त्यांची सोय, तिकीट हुकलेल्यांची समजूत काढायची जागा, हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्यात अधिकारही तोकडे. विधानसभेने पाठवलेलं विधेयक परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना थोपवू शकते. पैशाच्या विधेयकाला तर चौदाच दिवस. मग हवंय कशाला, असं कुणालाही वाटेल.

तरी मला परिषद हवी आहे. का, ते सांगते.

इथे नोकरदार मंडळी बरीच दिसतात. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पीटी' म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले असतात. तो व्यवसाय कर. महाराष्ट्राने १९७५ साली तो रोजगार हमी योजनेसाठी बसवला. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा पैसा द्यायचा, असा विचार त्यामागे होता. आणि ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत याच विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी आधी प्रयोग केला. मग बहात्तरच्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. पुढे देशाने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा केला, त्याची वाट इथून गेलेली आहे.

याच सभागृहात ग. दि. माडगूळकर बसले, ना. धों. महानोर बसले. महानोर पाण्यावर आणि शेतीवर बोलायचे ते स्वतःच्या पळसखेड्याच्या रानातून आलेले म्हणून. पुण्याच्या पदवीधरांनी समाजवादी विचारवंत ग. प्र. प्रधानांना अठरा वर्षं तिथे ठेवलं. चार महिने थोपवण्यापलीकडे हाती काही नसलेल्या सभागृहाची ताकद असते ती बोलणाऱ्या माणसात. कोण बोलतो याला तिथे विधानसभेपेक्षा जास्त किंमत आहे, आणि म्हणूनच तिथे कोण पाठवतो हा प्रश्न मला इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

आता परिषदेत जायची दारं एकेक करून बघू.

राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. त्या नोव्हेंबरात तेव्हाच्या मंत्रिमंडळाने नावं पाठवली. राजभवनाने ती ना स्वीकारली ना परत केली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की राज्यपालांनी वाजवी मुदतीत काहीतरी निर्णय द्यायला हवा. पुढे सरकार बदललं, नावं मागे घेतली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी, सात जणांनी शपथ घेतली. चार वर्षं महाराष्ट्रात साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतला एकही माणूस या जागांवर नव्हता! इथे तीन महिन्यांची मुदत कायद्यात लिहिली पाहिजे.

स्थानिक संस्थांच्या जागांबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. जिल्ह्यातले मतदार किती? जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक, पंचायत समितीचे सभापती, सगळे मिळून काहीशे. इतकी थोडी माणसं बसमध्ये घालून 'सहली'ला नेता येतात, त्यांचे फोन काढून घेता येतात, त्यांचा भाव ठरवता येतो. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्यही मत देतात. आपल्याकडे सुमारे २८ हजार ग्रामपंचायती असून त्यांतल्या एकाही सदस्याला हे मत नाही. त्यांना मतदार करा. जिल्ह्यात मतदारांची संख्या हजारोंवर गेली की सहलीच्या बस पुरायच्या नाहीत. शिवाय गावची पाणीपट्टी आणि घरकुलांची यादी ज्यांना तोंडपाठ आहे, अशी माणसं मत मागणाऱ्याला प्रश्न विचारतील.

आणि पदवीधर. १९५१ साली देशात साक्षरता सुमारे १८ टक्के होती. तेव्हा शिकलेल्यांचं एक मत वेगळं घ्यावं असं वाटलं, ते मी समजू शकते. आज त्याला काय आधार उरलाय? इंग्लंडच्या संसदेतल्या हाऊस ऑफ लॉर्ड्स या वरच्या सभागृहातून बहुतेक वंशपरंपरागत सरदार १९९९ साली बाहेर काढले, कारण जन्मावरून कुणाला जास्त बोलायला मिळू नये. मग पदवीवरून मिळावं का? उमेदवार पदवीधर असण्याचीही अट नाही, अट फक्त मतदाराला आहे. शिक्षक मतदारसंघात माध्यमिकपासून वरचेच शिक्षक. वस्तीवरच्या शाळेत पहिलीच्या पोराला अ-आ-ई शिकवणारी बाई त्यात नाही.

कामाच्या आधारावर मतदारसंघ असावा ही कल्पना मला मान्य आहे. मग सगळी कामं धरा. नोंद कुठून आणायची, असं कुणी म्हणेल. माथाडी मंडळांकडे १९६९च्या कायद्यापासून नोंद आहे. बांधकाम कामगारांचं मंडळ आहे, घरेलू कामगारांचं आहे. आशा आणि अंगणवाडी सेविकांची यादी सरकारच्याच दफ्तरात आहे. पदवीधरांची मतदारयादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, जुनं नाव चालत नाही, पुन्हा अर्ज, पुन्हा साक्षांकित गुणपत्रिका. हा खटाटोप यंत्रणा आमच्यासाठी करते. तोच ऊसतोड मजुरासाठी का करू नये?

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, हे मला आज मुद्दाम सांगायचं होतं. अनुच्छेद १७१ मधला दुसरा खंड काढून बघा. संसद कायद्याने वेगळी तरतूद करीपर्यंत परिषदेची रचना अशी राहील, असं तिथे म्हटलंय. म्हणजे घटनाकारांनी हा तक्ता तात्पुरता धरला होता. साध्या बहुमताचा एक कायदा पुरतो. आणि तो करा अशी मागणी विधानसभेला एका ठरावाने करता येते.

आपल्यापैकी अनेकांचं नाव पदवीधरच्या यादीत असेल. पुढच्या निवडणुकीत उमेदवार हॉलमध्ये मेळावा घेतील, जुन्या पेन्शनवर बोलतील, विनाअनुदानित शाळांवर बोलतील. ते बोलायलाच हवं. मी तिथे उठून एवढंच विचारणार आहे की निवडून आल्यावर हा मतदारसंघ सगळ्या कामकऱ्यांना खुला करण्याचा ठराव तुम्ही परिषदेत मांडाल का. उत्तर लेखी मागणार आहे. त्या शाळेत जाऊन ते मामांना वाचूनही दाखवीन.