वंगणातला न दिसणारा थर

श्रोतेहो, नमस्कार. गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर चढावर लागतो, तेव्हा इंजिनातल्या झडपा उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेट या भागांच्या बोटभर जागेवर एवढा दाब येतो की मधले तेल पिळून निघते आणि पोलाद पोलादाला भिडते. अशा वेळी झीज थोपवतात ती तेलात मिसळलेली थोडीशी रसायने, ज्यांना बाजारात ॲडिटिव्ह म्हणतात.

आपल्या मराठवाड्यात बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, आणि त्यामागचे शास्त्र पक्के होते. एरंडेलातल्या आम्लाच्या रेणूचे एक टोक धातूला चिकटते आणि लांब शेपूट बाहेर उभे राहते. अशा शेपट्यांची दाट लव तयार झाली की त्यावरून दुसरा पृष्ठभाग सहज सरकतो. घर्षण कमी करणारी आजची बरीच ॲडिटिव्हे हेच करतात.

मात्र उष्णता फार वाढली की ही लव सुटते. तिथे १९४० च्या दशकापासून वापरात असलेले झेडडीडीपी हे जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे संयुग कामाला येते. घासण्यातून जी उष्णता आणि जो दाब निर्माण होतो, त्यानेच ते फुटते आणि पोलादावर काचेसारखा फॉस्फेटचा थर बसवते. या थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाहून शेकडो पटींनी कमी. पुढची घासाघीस तो स्वतःवर घेतो, झिजतो, आणि तेलात संयुग शिल्लक असेतोवर पुन्हा बसतो. जिथे जास्त घासते तिथेच हे औषध पोचते, याचे मला अजूनही नवल वाटते.

म्हणून जास्त घातले की जास्त फायदा, असे मात्र नाही. फॉस्फरस पेट्रोल गाडीच्या धुराड्यातले धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक निकामी करतो. गिअर ऑइलमधले उग्र वासाचे गंधक काही वेळा पितळेला खाते. आणि तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये भलतेच तेल ओतले तर ब्रेक घसरू लागतात.

तेल चिमटीत चोळून, काळे दिसले म्हणजे संपले, असे ठरवणारे पुष्कळ आहेत. डिझेल इंजिनात काजळी तरंगत ठेवणे हे एका ॲडिटिव्हचे नेमून दिलेले कामच आहे, त्यामुळे तेल काळे होणारच. झेडडीडीपी किती उरले, हे मात्र चिमटीला कळत नाही. तेव्हा मीटरवरचे तास पाहावेत आणि पुस्तिकेत दिलेला आकडा आला की, ट्रॉली कारखान्याच्या रांगेत उभी असली तरी, परतल्यावर त्याच दिवशी तेल बदलावे.