फुली ते तोटी

(दृश्य: खाटेच्या कडेला बसलेला रुग्ण, नर्सच्या हातात मार्कर पेन)

ऑपरेशन उद्या आहे. स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून केलेलं मळाचं तोंड; मळ त्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमतो. त्याचं निम्मं काम मात्र आत्ताच, इथे खाटेवर चाललंय. झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसलं की घड्या पडतात आणि घडीत पिशवी चिकटत नाही. म्हणून रुग्णाला बसवायचं, उभं करायचं, वाकवायचं. जमिनीवर जेवायला बसायची सवय असेल तर मांडी घालूनही बघायचं. परकराची नाडी, पँटचा पट्टा, बेंबी, जुना व्रण, कमरेचं हाड, यांतलं काहीच जवळ नको. स्टोमाच्या जागेची फुली पोटाच्या उभ्या स्नायूवर हवी आणि रुग्णाला स्वतःला दिसायला हवी.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर)

फुलीवर त्वचेची सुमारे 2 सेंटिमीटरची चकती काढली. चरबी मात्र ठेवायची, स्टोमाभोवतीच्या कातडीला तिचाच टेकू असतो. स्नायूवरचं पांढरं आवरण अधिकच्या खुणेसारखं कापलं. स्नायू कापलेला नाही, नुसते धागे फाकवलेत. 2 बोटं सहज जातात, वाट झाली. अरुंद वाटेत आतड्याचा रक्तपुरवठा आवळतो, रुंद वाटेतून पुढे हर्निया येतो.

लहान आतड्याचं टोक 5-6 सेंटिमीटर बाहेर आलं. पीळ पडलेला नाही ना, हे पाहिलं. ऑपरेशनसाठी पोटावर घेतलेली मधली मोठी जखम आधी शिवून झाकतात, आतडं त्यानंतरच उघडतात.

पूर्वी हे टोक तसंच लोंबतं ठेवत. उघड्या पडलेल्या बाहेरच्या आवरणाला सूज यायची, तोंड आवळायचं, मळ तुंबायचा. 1952 मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन ब्रायन ब्रूक यांनी ते उलटवून लगेच त्वचेला शिवायची पद्धत मांडली. सदऱ्याची बाही दुमडावी तसं.

(दृश्य: टाक्याचा क्लोजअप)

एका टाक्यात तीन घास: आतड्याची कड, त्वचेच्या पातळीला आतड्याची वरवरची भिंत, आणि त्वचेचा आतला थर. सगळे टाके घेऊन झाल्यावरच गाठी. गाठ आवळली, आणि बघा, अस्तर बाहेर उलटलं. ओलसर, लालबुंद, अडीच सेंटिमीटरची तोटी. मोठ्या आतड्याच्या स्टोमाला एवढी उंची लागत नाही. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ, पाचकरसांनी भरलेला. तोटी बुटकी राहिली तर तो कातडी सोलवटतो.

रंग काळपट झाला, किंवा दिवसाला दीड लिटरच्या वर मळ जाऊ लागला, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचं.

(दृश्य: नर्स, कात्री, पिशवी)

पिशवीच्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं कापायचं. सूज ओसरेल तसं दर वेळी नव्याने मापून.