बाळ पेटीत, आई वरच्या मजल्यावर

मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘अपुऱ्या दिवसांची बाळं आणि मेंदूची वाढ’ असं छापलंय. मेंदूपर्यंत मी येणार आहे. पण मेंदू वाढायचा तर आधी बाळ जगायला हवं, म्हणून सुरुवात उबेपासून करतो.

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. तेव्हा आई कुठे असते? बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात. ती वाटीत चीक काढून देते आणि कुणीतरी तो खाली पोचवतं. पेटी हवीच, तिने असंख्य जीव वाचवलेत. माझी तक्रार आहे ती मधल्या जिन्याबद्दल.

ही पेटी आली कुठून, तर कोंबड्यांकडून. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि ते बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडूनच १८८० च्या सुमारास बाळांसाठी तसं यंत्र करून घेतलं. खाली गरम पाणी, वर बाळं. मृत्यू घटले. पण तार्निए यांचेच शिष्य प्येर ब्युदँ यांनी पुढे एक गोष्ट नोंदवली: जिला बाळाला पाजता येत नाही, जवळ घेता येत नाही, त्या आईची ओढच हळूहळू सुटत जाते. म्हणजे हा जिना शंभर वर्षांहून अधिक काळ दिसत होता.

आता १९७८ मध्ये या. कोलंबियातलं बोगोता, तिथलं गरिबांचं मोठं प्रसूतिगृह. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला, आणि कित्येक आया बाळ तिथेच सोडून निघून जात. डॉ. एडगार रे यांच्या वाचनात कांगारू आला. कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम एक ग्रॅमचं असतं. आंधळं, अंगावर केस नाहीत. ते पिशवीत चढतं, आचळ तोंडात धरतं आणि महिनोन्‌महिने तिथेच वाढतं. रे यांनी बाळं उघड्या अंगाने आयांच्या छातीशी बांधली, पुढे डॉ. हेक्टर मार्तिनेस यांनी ते काम वाढवलं. छातीची ऊब, आईचं दूध, लवकर घरी आणि मग नियमित तपासणी, एवढीच ती ‘कांगारू’ पद्धत.

पण जगाने तिच्यावर ‘गरिबांचा तोडगा’ असा शिक्का मारला, आणि वर अट घातली: बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. ही अट मला फार सलते. दोन किलोच्या आतलं बाळ स्थिर व्हायला काही दिवस लागतात, आणि जी बाळं दगावतात त्यांतली बरीचशी नेमकी त्याच दिवसांत दगावतात.

या अटीची परीक्षा पाच देशांत झाली: घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. आपलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १७९९ ग्रॅमची ३२११ बाळं घेतली. जन्मानंतर तासाभरात स्वतःहून श्वास न घेणारी बाळं त्यांत नव्हती. एका गटात नवजात अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली आणि बाळ लगेच छातीवर, दिवसाला जवळपास १७ तास. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत. तिथे अतिदक्षता विभागात असेपर्यंत हा स्पर्श दिवसाला दीड तासच मिळाला. २८ दिवसांत मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने अभ्यास मुदतीआधीच थांबवायला लावला. निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘आधी स्थिर’ ही अट काढून जन्मापासूनच, रोज ८ ते २४ तास, अशी शिफारस केली.

आता बांधायचं कसं ते नीट ऐका, कारण चुका इथेच होतात. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आईचा गाऊन पुढून उघडा. मध्ये ब्लाऊज किंवा दुपटं राहिलं तर त्वचेला त्वचा लागत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका कुशीला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते. पाय बेडकासारखे दुमडलेले. मग शेला बाळाच्या ढुंगणाखालून घेऊन घट्ट बांधायचा, वरची कड कानाच्या पाळीपर्यंत. शेला सैल राहिला की बाळ खाली घसरतं आणि मान मुडपते. पोटावर मात्र आवळायचा नाही, बाळ पोटाने श्वास घेतं. आईने सपाट झोपायचं नाही, उशा लावून रेलायचं. एका बैठकीला किमान एक तास. पुन्हापुन्हा काढ-घाल केली तर बाळ उलट दमतं. ओढून पिण्याचं बळ नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि गिळताही येत नसेल तर नळीने.

ऊब तपासायला हाताची मागची बाजू पुरते. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट आणि तळपाय गार, तर बाळाला थंडी बाधू लागलीय. ओला लंगोट, ओलं टोपडं पाहा. दोन्ही गार, तर तातडीने डॉक्टर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मेंदूचं भरभर सांगतो. बोगोतातच १९९३ ते १९९६ मध्ये चिठ्ठ्या टाकून ‘कांगारू’ आणि नेहमीची पद्धत अशा दोन गटांत वाटलेली मुलं वीस वर्षांनी पुन्हा तपासली. सगळी सापडली नाहीत, हे लक्षात ठेवा. पण सापडली त्यांत छातीशी वाढलेल्यांची शाळेतली गैरहजेरी कमी, चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी. बुद्ध्यंकातला फायदा जन्मतः सर्वांत नाजूक असलेल्यांमध्येच टिकला. मेंदूच्या प्रतिमांत करड्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या थराचं, आकारमानही जास्त दिसलं. कारणं एकात एक गुंतलेली आहेत: ताण कमी, झोप सलग, दूध जास्त, आणि घरी पुढेही अधिक जिव्हाळ्याने झालेलं संगोपन.

हे घरीही जमतं. हरियाणातल्या ८४०२ बाळांच्या अभ्यासात, वजन १५०० ते २२५० ग्रॅम, ही पद्धत घरीच सुरू केली. पहिल्या २८ दिवसांतला मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. ते काम माहीत असलेल्या या सभागृहाला, गावातली शिकवलेली बाई काय करू शकते, हे पटवायला नको.

एक प्रश्न आधीच आलाय: सिझेरियन झालेल्या आईचं काय? ती शुद्धीवर असेल, रेलता येत असेल तर तीच. तोवर वडील, आजी, मावशी, कुणाचीही निरोगी छाती चालते. दवाखान्यात हलवतानाही बाळ असंच बांधून न्या.

टेबलावर दोन शेले आणि अठराशे ग्रॅमची बाहुली ठेवलीय. बाळांच्या बाबांनी आधी पुढे या, गाठ पाठीमागे येते, ती मारायला दुसरे हात लागतात.