काळी लेगिंग आणि दोरीवरच्या उड्या

नमस्कार मैत्रिणींनो.

आमराईत सकाळी भेटणाऱ्या एक ताई रोज काळीच लेगिंग घालून यायच्या. चालून झालं की दोरीवरच्या उड्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, रंगाची आवड म्हणून नाही हो. ओलं दिसू नये म्हणून." चाळिसाव्या उडीला थोडी लघवी सुटायचीच. धाकट्याच्या बाळंतपणापासून सहा वर्षं हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? गुडघ्यासाठी जातो, मोतीबिंदूसाठी जातो. यासाठी मात्र पाऊल उचलत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा आज मोकळंच बोलते. घरातली पुरुषमंडळी ऐकत असतील तर ऐकू द्या.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांना तिचाच आधार. उडी मारून पाय टेकले की पोटातला दाब एकदम वाढतो आणि नेमकं त्याच क्षणी झोळीने आवळायचं असतं. बाळंतपण, पाळी जाण्याचं वय, जुनाट खोकला, रोजचं कुंथणं यांनी ती सैलावते. श्रावणात झिम्मा-फुगडी ऐन रंगात आली असताना "मी जरा बसते गं" म्हणणाऱ्या सगळ्याच काही दमलेल्या नसतात.

मग आवळायचं कसं? चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आपण आत ओढून धरतो ना, तसं. पाच मोजेपर्यंत धरा, श्वास चालू ठेवा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं, कारण काहींचे हे स्नायू कायम आखडलेले असतात आणि लघवी त्यांचीही गळते. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. योगासनं करणाऱ्यांना मूलबंध आठवेल, तो याच्या जवळचाच. लघवीची धार मधेच रोखून मात्र सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. गुण यायला तीनेक महिने लागतात. आठवड्यात कंटाळून मला बोल लावू नका!

आता दोरी. तिच्या मधोमध पाय देऊन उभं राहा. मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. उडी बोटभर, दोरी खालून जाण्यापुरती. शाळेत उंच उडणारीला टाळ्या मिळायच्या, ते विसरा. चवड्यांवर, गुडघे किंचित वाकवून उतरा. धप्प आवाज आला म्हणजे चुकलं. शहाबादी फरशीपेक्षा अंगणातली माती बरी. श्वास कोंडू नका. वीस सेकंद उड्या, तेवढीच विश्रांती. लघवी सुटली की थांबायचं, शंभर पूर्ण करायचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाच उड्या आधीच थांबा आणि मग हळूहळू वाढवा. गळू नये म्हणून पाणी तोडणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्याने लघवी कडक होते, जळजळते, मलावरोध होतो, आणि पुन्हा कुंथणं आलंच.

बाळंतिणींनो, किमान तीन महिने दोरी खुंटीलाच राहू दे, सिझेरियन झालं असलं तरीही. आणि खाली जड वाटत असेल, काही उतरल्यासारखं वाटत असेल, आपण "अंग बाहेर येणं" म्हणतो तसं, तर उड्या बंद करून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

त्या ताई आता न थांबता ऐंशीपर्यंत जातात. लेगिंग अजून काळीच. परवा विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे हो, मळ दिसत नाही."