बाण सोडायचा, आणि परतही आणायचा

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीत आपण बाण लावतो. बाटलीत उभा करायचा, वातीला उदबत्ती लावायची आणि मागे पळायचं. तो सुंकन वर जातो, फुटतो, आणि त्याची काडी कुणाच्या गच्चीत पडली हे बघायला कुणी जात नाही. आज मी ज्या हौशी 'मॉडेल रॉकेटां'बद्दल, म्हणजे छंद म्हणून केलेल्या छोट्या रॉकेटांबद्दल बोलणार आहे, ती उडवणाऱ्यांचा सगळा जीव मात्र खाली येण्यात अडकलेला असतो. रॉकेट वर गेलं, याचं त्यांना फारसं अप्रूप नसतं. ते शाबूत हातात आलं, तरच उड्डाण झालं.

या छंदाचं घर अमेरिका. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथली शाळकरी पोरं लोखंडी नळ्यांमध्ये घरीच रसायनं ठासून रॉकेटं करू लागली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला आणि या वेडाला उधाणच आलं. कुणाची बोटं गेली, काहींचा जीवही गेला. त्याच सुमारास नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक बुटांचा दुकानदार होता. त्याला आतषबाजीचा नाद, भावाला मॉडेल विमानांचा. भावाच्या व्याख्यानांत दाखवायला म्हणून त्यानं १९५४ साली कागदी नळीचं, हलकं, पॅराशूटनं उतरणारं रॉकेट केलं. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेटांच्या सुरक्षिततेवरचा लेख वाचून त्यानं आपले नमुने त्यांना पाठवून दिले. दोघांची गाठ पडली आणि १९५७ मध्येच नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली. तिच्या नियमांतला कळीचा मुद्दा एकच: रॉकेटची दारू स्वतः कालवायची नाही. मोटर, म्हणजे दारू भरलेली नळकांडी, कारखान्यातलीच वापरायची. बाकी सगळं कागद, लाकूड आणि प्लॅस्टिक. पोरांना 'नको' म्हणून हात झटकणं सोपं होतं. या माणसांनी 'हो, पण असं' म्हणण्याची खटपट केली, आणि मला त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

या संघटनेच्या शाखा म्हणजे गावोगावचे क्लब. मेरीलँड राज्यातला 'नारहॅम्स' हा त्यांतला एक जुना क्लब, १९६३ पासूनचा. ग्रीनबेल्ट इथे नासाचं गोडार्ड केंद्र आहे. तिथल्या अभ्यागत केंद्राच्या आवारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी रॉकेटं उडवायची, हा या क्लबचा वर्षानुवर्षांचा पायंडा राहिला आहे. त्याच १९६३ साली डॉ. कलाम नासात प्रशिक्षणासाठी गेले होते, तेव्हा ते याही केंद्रात काम करून आले.

अशा ठिकाणी आजोबाही रॉकेट घेऊन येतात आणि नातही. आधी तपासणीचं टेबल. तिथला सुरक्षा अधिकारी पंख हलवून बघतो, नाकाचा शंकू फार घट्ट तर नाही ना हे पाहतो, मोटर नीट बसली आहे का ते चाचपतो. पहिलीच खेप असो की शंभरावी, टेबल कुणालाच चुकत नाही. मग रॉकेट एका उभ्या सळईवर चढवायचं. पेटवणी विजेवर, लांब वायरीच्या टोकाला बटण. छोट्या मोटरसाठी पंधरा फूट, मोठीसाठी तीस फूट मागे उभं राहायचं. मोठ्यानं पाच, चार, तीन… आणि पोर बटण दाबतं. पेटलं नाही, तर बटणाची किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं. ते एक मिनिट थांबताना मुलं जे शिकतात, ते वर्गात शिकवणं कठीण.

मोटर बोटाएवढी. तिच्यावर लिहिलेलं असतं, समजा, 'सी ६-५'. अक्षर म्हणजे एकूण ताकदीचा गट. 'ए'पासून दर अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट. सहा म्हणजे सरासरी सहा न्यूटन रेटा. पाच म्हणजे जळून संपल्यावर पाच सेकंदांचा विलंब. तेवढ्या वेळात रॉकेट नुसत्या वेगावर चढत राहतं, मागे धुराची रेघ सोडत. मग आतला छोटा बार उडतो आणि शंकू पॅराशूटसकट बाहेर ढकलला जातो. पॅराशूट होरपळू नये म्हणून मध्ये आग न धरणारा कागद चुरगळून कोंबलेला असतो. तो कोंबायला विसरलात, तर रॉकेट दगडासारखं खाली येतं आणि मैदानभर 'वर बघा!' असा ओरडा होतो.

स्पर्धेतले खेळाडू तर हवाच वाचतात. पॅराशूट जास्त वेळ तरंगवायचं, तर वर चढणारी ऊन हवा सापडायला हवी. त्यासाठी कुणी साबणाचे फुगे सोडतं, कुणी काठीला चमकत्या पट्ट्या बांधतं, कुणी घिरट्या घालणारी घार शोधतं. शाळांसाठीही अमेरिकाभरची एक स्पर्धा आहे, तिची पहिली अंतिम फेरी २००३ मध्ये व्हर्जिनियात झाली. रॉकेटमध्ये कोंबडीचं कच्चं अंडं ठेवायचं, ठरवून दिलेली उंची आणि वेळ गाठायची आणि अंडं न तडकता आणायचं. उंचीचा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणजे गेल्या वर्षीचं रॉकेट तसंच आणून भागत नाही.

आता तुमच्यापैकी कुणी विचारेल, घरी करून बघू का? दारूचं अजिबात नाही. पण पाण्याचं रॉकेट जरूर करा. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची किंवा धातूची नको. तिसरा हिस्सा पाणी भरा, पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवा, बुचातून सायकलच्या पंपानं हवा भरा. मोकळं मैदान हवं, डोळ्यांवर चष्मा हवा, मोठं माणूस सोबत हवं, आणि बाटली सोडायची ती लांबून दोरी ओढून. दोन-चार उड्डाणं जमली की वर पॅराशूट बसवायच्या मागे लागा. प्लॅस्टिकच्या पिशवीचंही चालतं, पण ते नेमकं माथ्यावर उघडायचं कसं, यावर मुलांचे पुढचे बरेच रविवार जातील.

नमस्कार.