दोयांगच्या खोऱ्यातले पाहुणे

(दृश्य: सकाळ. दोयांग जलाशय. विजेच्या तारांवर दाटीवाटीनं बसलेले ससाणे.)

नागालँडचा वोखा जिल्हा. डोंगरांच्या मधोमध दोयांग नदीचं खोरं. ऑक्टोबर अर्धा सरला, की इथलं आभाळ अमूर ससाण्यांनी भरू लागतं. सैबेरियाच्या आग्नेय भागातून, उत्तर चीनमधून ते निघालेले असतात आणि जायचं असतं थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. वाटेत मुक्काम इथे, कारण याच दिवसांत जमिनीतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. ती भरपेट खायची, अंगात चरबी साठवायची आणि पुढे निघायचं.

(दृश्य: फांदीवरचा नर, अगदी जवळून.)

हा नर. अंग राखाडी, मांड्या विटकरी, पाय केशरी. पंख उघडले की आतली पांढरी बाजू लख्ख दिसते. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. भारत ओलांडून तो अरबी समुद्रावर झेपावतो, तेव्हा पुढचे जवळपास तीन हजार किलोमीटर त्याला कुठे टेकायची सोय नसते. दिवस-रात्र उडतच राहायचं.

याच खोऱ्यात २०१२ साली या पक्ष्यांची भयंकर कत्तल झाली. जलाशयाच्या काठानं झाडांमध्ये मासेमारीची जाळी ताणलेली असायची. सांजवेळी रातथाऱ्याला उतरणारे थवेच्या थवे त्यांत अडकायचे. बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सू या निसर्गसंवर्धकांनी हे सगळं चित्रित करून जगापुढे मांडलं. त्यांचा अंदाज होता, दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी.

ती दृश्यं आजही बघवत नाहीत. पण ज्यांच्या हातात जाळी होती, त्यांची बाजूही ऐकायला हवी. धरणाच्या पाण्याखाली इथल्या लोकांची शेतं गेली. पोटासाठी माणसं मासेमारीकडे वळली. आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर, त्याच जाळ्यांत, हातात रोख पैसा देणारा पक्षी आपसूक येऊ लागला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होताच. तरी जाळी लागत होती. नागालँडमध्ये बहुतेक जंगल सरकारचं नाही, गावाचं आहे. गावानं ठरवल्याशिवाय इथं काही बदलत नाही.

(दृश्य: गावातली बैठक. वडीलधारी मंडळी, मागे उभी तरुण मुलं.)

म्हणून पुढच्या हंगामाआधी बोलणी झाली ती गावात. ग्रामपरिषदांमध्ये, चर्चमध्ये, शाळेत. लोथा या नागा जमातीच्या पांगती गावानं आणि शेजारच्या गावांनी शिकार बंद करायचं ठरवलं, आणि २०१३ मध्ये झाडांमधली जाळी उतरली. अवघ्या वर्षभरात! हातची कमाई सोडून दिलेला शब्द होता तो, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती.

(दृश्य: वर्गात निसर्गगप्पा. भिंतीवर जगाचा नकाशा, समोर मुलं.)

अशा गप्पांमध्ये नकाशा लागतोच. बोट अमूर नदीच्या खोऱ्यावरून निघतं, वोख्याला थांबतं, महाराष्ट्रावरून समुद्रात उतरतं, सोमालियाच्या किनाऱ्याला लागतं. आपल्या गावाचं नाव घेऊन एक पक्षी एवढं अंतर कापून गेला, हे कळल्यावर मुलं पुढे सरकून बसतात. मग प्रश्न सुरू होतात. झोपतो कधी? पाणी कुठे पितो? पुढच्या वर्षी हाच येईल का?

(दृश्य: तोखू एमोंग. लोथा शाली, फेर धरलेले नर्तक.)

सात नोव्हेंबरला तोखू एमोंग, लोथांचा सुगीनंतरचा सण. धान्य घरात आलेलं असतं. नाचगाणी होतात, पाहुणे येतात, जुनी भांडणं मिटवली जातात. ससाणेही तेव्हा खोऱ्यातच असतात, त्यामुळे सण बघायला आलेला माणूस संध्याकाळी हटकून जलाशयाकडे वळतो.

पर्यटकांची ही वर्दळ मात्र चार-सहा आठवड्यांची. ती संपली, की जाळी पुन्हा पाण्यात उतरतात, माशांसाठी. ज्या घरांनी ससाण्यांवरची कमाई सोडली, त्यांच्या चुलीला वर्षाचे बारा महिने आधार हवा आहे. तो कुठून उभा करायचा, हे ठरवण्याच्या बैठकीत सरकारनं आणि आपण पक्षिप्रेमींनीही बसायला हवं, आणि रिकाम्या हातानं नाही.