तिसरं चाक

[शिवाजी उद्यमनगर. शटर वर जातंय. लेथचा आवाज.]

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक शटर वर गेलं की पाठोपाठ सगळी गल्ली जागी होते. एका गाळ्यात लेथ, शेजारी वेल्डिंग, पलीकडे कुणी नुसतेच बुश बनवतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून ओतलेले सुटे भाग ट्रक भरून बाहेर जातात. पण एकच क्लॅम्प हवाय, तोही वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेला, तर माणूस इथं येतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला होता. विकत मिळत नसेल तर करून घ्यायचं, ही इथली जुनी खोड.

[कोरी बुलेट. नंबरप्लेट. कॅमेरा खाली येतो: लाकडी ठोकळ्यांवर साइडकारचा सांगाडा.]

आज गाळ्यासमोर कोरी साडेतीनशे सीसीची बुलेट उभी आहे. एमएच-09. सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. शेजारी साइडकारचा सांगाडा पडलाय, प्रायमर मारलेला. गाडीचे मालक एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत; गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मोटरसायकलला साइडकार कशाला हवी, हे आम्ही विचारलं.

[अण्णांच्या घराचं दार. भिंतीला टेकवलेला वॉकर. काकू चपला शोधतायत. निवेदन नाही.]

सांगाडा तयार असूनही गाळ्याच्या मिस्त्रींनी तो लगेच जोडला नाही.

[मूळ आवाज, मिस्त्री: "अण्णा, आधी गाडी मोकळी हूं दे. मग जोडू. गडबड कराची न्हाई."]

गाडी मोकळी होणं म्हणजे काय, ते दिसतं ते इथं.

[अगदी जवळून: उघडं सिलिंडर, आतल्या तिरक्या रेघा. मिस्त्रींचं बोट.]

हे दुसऱ्या गाडीचं सिलिंडर. अण्णांच्या इंजिनला अजून कुणी पाना लावलेला नाही. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा आहेत. होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेताना, त्या मुद्दाम पाडतात, कारण तेल त्यांच्यात थांबतं. नव्या सिलिंडरात या रेघांच्या कडा टोकदार असतात. पिस्टनच्या रिंगा वरखाली घासत त्या कडा खाऊन टाकतात, आणि त्या नादात स्वतःही थोड्या झिजून भिंतीला अंगभर टेकतात. रिंग अशी टेकली की वरचा दाब खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या कप्प्यात, गळत नाही, आणि खालचं तेल वर चढून जळत नाही. पुढं कित्येक वर्षं गाडी तेल खाणार की नाही, याचा बराचसा निकाल सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये लागतो.

नवी गाडी जितकी हळू चालवाल तितकी चांगली, असं पुष्कळ जण सांगतात. ते अर्धंच खरं. रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो जळत्या वायूचा दाबच. गाडी स्टँडवर लावून तासभर आयडलला ठेवली, किंवा सपाट रस्त्यावर चाळीसच्या काट्यावरून हलूच दिली नाही, तर भिंतीला गुळगुळीत झिलई चढते आणि रिंगा पुन्हा म्हणून बसत नाहीत. भार हवा, पण मध्यम. वेग सतत कमीजास्त व्हायला हवा. चढावर टॉप गिअरमध्ये इंजिनला धापा टाकायला लावायच्या नाहीत, आणि मूठ शेवटपर्यंत पिळायची नाही. शोरूममधून गाडी काढायची आणि त्याच संध्याकाळी हायवेवर काटा कुठवर जातो ते मोबाइलवर टिपायचं, ही फॅशन आम्हाला तरी पटत नाही.

[जोतिबाचा डोंगर, वळणं. गुलालानं रंगलेला रस्त्याच्या कडेचा कठडा.]

म्हणून अण्णांनी पुणे-बंगळूर महामार्ग टाळला. तिथं एकाच वेगात जाणं होतं. त्यांनी जोतिबाची आणि पन्हाळ्याची वाट धरली. चढ, उतार, मध्ये गावं, गावागणिक गतिरोधक. इंजिनला हवा तो व्यायाम रस्ताच देतो. नवे ब्रेक पॅडही याच काळात डिस्कवर बसतात, त्यामुळं लांबून आणि बेतानं दाबायचे. नवा टायर वरून गुळगुळीत असतो, त्याची कातडी निघेपर्यंत ओल्या वळणावर धाडस नको.

[पहिलं ऑइल ट्रेमध्ये पडतंय. मिस्त्री बोटावर थेंब घेऊन उन्हात धरतात.]

पाचशे किलोमीटरला पहिली सर्व्हिसिंग. हे तेल नीट बघा. रंग काही फार काळा नाही, पण उन्हात धरलं की बारीक चमक दिसते. रेघांच्या कडांचा, गिअरच्या दातांचा धातू यात आला. तो पुन्हा इंजिनात फिरवायचा नसतो, म्हणून तेलाबरोबर फिल्टरही बदलायचा. तेल तर अजून चांगलं दिसतंय म्हणून ही सर्व्हिसिंग पुढं ढकलणारे कमी नाहीत.

आणि आता साइडकार.

[दोन लांब ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जमिनीवर. मोजपट्टी. ओळंबा.]

आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, म्हणून साइडकारही डाव्या अंगाला. ती चार ठिकाणी फ्रेमला आवळली जाते. आवळणं सोपं, जुळवणं अवघड. मिस्त्रींनी एक पट्टी मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवली, दुसरी साइडकारच्या चाकाला. दोन पट्ट्यांमधलं अंतर मागं मोजलं, मग पुढं. पुढचं अंतर थोडं कमी हवं, साधारण पंधरा मिलिमीटरनं. याला टो-इन म्हणतात. ते नसेल तर गाडी सारखी साइडकारच्या बाजूला ओढते, आणि जास्त झालं तर टायर खाते.

मग ओळंबा. गवंड्याचाच, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेला. मोटरसायकल साइडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडं, कललेली हवी. अंशा-दोन अंशांचाच प्रश्न. आपले रस्ते पाणी जावं म्हणून कडेला उतरते असतात, गाडी आपोआप डावीकडं घसरू बघते. हा कल तिला सरळ धरतो. मोजायचं तेही अण्णांना सीटवर बसवून, कारण माणूस बसला की स्प्रिंगा दबतात आणि सगळी मापं बदलतात.

[मूळ आवाज, मिस्त्री: "हलू नगा अण्णा. श्वास घ्या, पर हलू नगा."]

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दातानं लहान केलं. वरचा वेग थोडा गेला, चढावर ओढ आली. प्रत्येक नट आवळून झाल्यावर त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरज नाही.

जोडणीआधी आरटीओची मंजुरी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. नोंदणीत बदल, विमा कंपनीला कळवणं, हे सगळं झालं.

[तपोवन मैदान. साइडकारमध्ये वाळूची पोती. गाडी गोल फिरतेय, डावं चाक उचलतं आणि आदळतं.]

इंजिन मोकळं झालं, आता चालवणाऱ्याचा हात बसायचाय. आयुष्यभर दुचाकी चालवलेल्या माणसाला इथं सगळं नव्यानं शिकावं लागतं. ही गाडी वळणावर झुकत नाही. हँडल खरोखर वळवावं लागतं, दंड भरून येतात. वेग वाढवला की साइडकार मागं रेंगाळते आणि गाडी डावीकडं जाते. ब्रेक दाबला की साइडकार पुढं रेटते आणि गाडी उजवीकडं येते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर. डावं वळण सगळ्यात फसवं. वेग थोडा जास्त असला की साइडकारचं चाक हवेत. म्हणून ही वाळूची पोती. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, देऊ केले होते, वजन तेवढंच भरलं असतं; पण मुंग्यांचा विचार करून ते परत गेले.

[मूळ आवाज, काकू, मैदानाच्या कडेला खुर्चीवर: "मी बसतो की आता. किती दिस वाळू फिरवणार तुमी?"]

[अण्णांचा चेहरा. मग पोती उतरवताना.]

रस्त्यावरचा खड्डा दुचाकीवाला चुकवतो. इथं दोन चाकांची एक वाट आणि तिसऱ्याची वेगळी, त्यामुळं कुठला खड्डा घ्यायचा एवढंच ठरवता येतं. त्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. ओव्हरटेकला अख्ख्या मोटारीइतकी जागा लागते, आणि पिकअप मात्र त्या मानानं कमी.

[पहाटे. अण्णा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतायत.]

निगा रोजची. आधी पांढऱ्या रेघा. मग स्पोक: गाडी झुकत नाही, त्यामुळं वळणाचा सगळा आडवा ताण स्पोकांवर येतो. अण्णा पान्याच्या टोकानं एकेक वाजवत जातात; ताणलेला टणकन बोलतो, सैल झालेला बद्द. मग चेन, हवा, साइडकारच्या आर्मचं ग्रीस. इथला पाऊस बघता तळाचं पाणी जायचं भोक मोकळं ठेवावं लागतं, आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग उडाला की त्याच आठवड्यात ब्रश फिरवावा लागतो. मागचा टायर मधोमध सपाट होत चाललाय. तो नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागणार, यावर इलाज नाही.

[गगनबावड्याचा रस्ता. काकू साइडकारमध्ये, डोक्याला स्कार्फ, वर हेल्मेट. निवेदन नाही, वाऱ्याचा आवाज.]

पहिला लांबचा पल्ला गगनबावडा. वाटेत कळे गावाला चहा, आणि कप हातात घेऊनच नटांवर नजर. बावड्याच्या पुढं रस्ता करूळ घाटानं कोकणात उतरतो. काकूंना खाली जायचं होतं. अण्णांनी गाडी फिरवली. साइडकारच्या चाकाला अजून ब्रेक नाही. उतारावर सगळा भार दोनच चाकांच्या ब्रेकवर येतो. त्या ब्रेकचं चित्र उद्यमनगरात कागदावर तयार आहे, हब लेथवर चढलाय. तो बसला की करूळ घाट.